न सुटणारी, न खवखवणारी अळूवडी

अळूवडी कढईत बिघडत नाही, ती कढईत फक्त उघडी पडते. वडी तेलात उलगडली की बोल तेलाला आणि गॅसला लागतो. चूक मात्र आधीच झालेली असते: पीठ सैल भिजवलं, शिरा काढायचा कंटाळा केला, नाहीतर उंडा, म्हणजे पीठ लावून वळलेली पानांची गुंडाळी, गरम असतानाच सुरी लावली. त्यामुळे इथे तळणीबद्दल थोडंच लिहिलं आहे. पान, पीठ आणि वाफ यांबद्दल जास्त. माप दोन उंड्यांचं आहे. चार माणसांच्या रात्रीच्या जेवणाला एक उंडा तळायचा आणि दुसरा रश्शासाठी ठेवायचा.

पान

पावसाळ्यात पुण्याच्या महात्मा फुले मंडईत अळूच्या दोन तऱ्हेच्या जुड्या दिसतात. फिकट हिरव्या देठाचं, पातळ पानाचं ते भाजीचं अळू. त्याचं फतफतं छान होतं, वडी मात्र नाही. हे पान पीठ लावतानाच फाटतं आणि वाफेत इतकं मऊ पडतं की थर वेगळे दिसतच नाहीत. वडीच्या अळूचे देठ काळपट-जांभळे असतात आणि पान गडद, जरा जाडसर. ओळखू आलं नाही तर सरळ “वडीचं आहे ना?” असं विचारून घ्यावं. विकणाऱ्या मावशींना हा प्रश्न दिवसातून अनेकदा ऐकावा लागतो, त्या चिडत नाहीत.

पान वीतभर ते दीड वीत लांबीचं पुरे. त्याहून मोठ्या पानाच्या शिरा राठ असतात, आणि फार लहान पानांत घड्या घालायला जागा उरत नाही. भोकं पडलेली, पिवळी पडू लागलेली पानं बाजूला ठेवा. जुडीत लहानमोठी पानं मिसळलेली असतात, तेव्हा जुड्यांच्या हिशेबाने न घेता पानं मोजून घ्या. दोन उंड्यांना दहा चांगली पानं लागतात, फाटण्याच्या हिशेबाने दोन जास्त. श्रावण-भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या सुमारास पानं सर्वांत चांगली मिळतात. उन्हाळ्यात ती लहान आणि चिवट असतात. आदल्या दिवशी आणलीत तर न धुता वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पान थोडं मलूल झालं तर उलट बरंच, वळताना तडकत नाही.

आता खाजेबद्दल. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते त्वचेला, जिभेला, घशाला टोचतात, म्हणून खाज येते आणि घसा खवखवतो. उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. पानं हाताळण्यापूर्वी हाताला तेल लावा. पिठात चिंच सढळ घाला. आणि वाफ पुरती द्या. यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं आहे. भरपूर चिंच घालूनही कच्चट राहिलेली वडी खवखवते. ज्यांना ऑक्सलेटच्या मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. अशा घरासाठी कोबीच्या पानांचा प्रकार पुढे दिला आहे.

पानं वाहत्या पाण्यात धुवा, दोन्ही बाजूंनी कोरडी पुसा. ओल्या पानावर पीठ घसरतं. देठ पानाच्या बुडाशी कापून टाका. मग पान पालथं ठेवा, म्हणजे शिरांची बाजू वर येईल. मधली जाड शीर आणि तिला फुटलेल्या मोठ्या शिरा सुरी आडवी धरून तासून काढा. पानाला भोक पडू द्यायचं नाही, फक्त शीर पानाच्या सपाटीला आणायची. मग त्यावरून एकदा हलक्या हाताने लाटणं फिरवा. या कामाला दहा पानांना वीस मिनिटं जातात आणि इथेच बरेचजण हात आखडता घेतात. न तासलेली शीर वळताना ताठ राहते, उंड्यात पोकळी होते, आणि त्या पोकळीतून वडी पुढे सुटते.

देठ कोवळे असतील तर सोलून, चिंचेच्या पाण्यात मऊ उकडून, दही आणि फोडणी घालून देठी करता येते. राठ असतील तर सोडून द्या.

पीठ

इथे चमचा म्हणजे ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा.

बेसन २०० ग्रॅम
तांदळाचं पीठ ३० ग्रॅम
बिया काढलेली चिंच ३० ग्रॅम
चिरलेला गूळ ४५ ग्रॅम
लाल तिखट २ चमचे
धने-जिरे पूड २ चमचे
गोडा मसाला १ चमचा
हळद अर्धा चमचा, हिंग पाव चमचा
पांढरे तीळ १ मोठा चमचा
मीठ दीड चमचा
कडकडीत तेल २ मोठे चमचे

चिंच १५० मिली गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, कुस्करून गाळून घ्या आणि त्याच कोमट कोळात गूळ पूर्ण विरघळवा. गुळाचा खडा पिठात राहिला तर तळताना तो आधी जळतो आणि वडीवर काळे ठिपके पडतात. कोरडी पिठं आणि मसाले एकत्र करून त्यावर कडकडीत तेल ओता, चमच्याने ढवळून मग हाताने चोळा. हे मोहन विसरलं तर वडी गार झाल्यावर दडदडीत लागते. तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी आहे. ते ३० ग्रॅमच्या वर नेलं तर थर ठिसूळ होतात आणि कापताना चुरा पडतो.

कोळ एकदम ओतू नका. आधी तीन-चतुर्थांश घालून गुठळ्या मोडा, मग उरलेला. आता पीठ बरंच घट्ट वाटेल. त्यात एक मोठा चमचाभर पाणी घालून झाकून पंधरा मिनिटं ठेवा. बेसन या वेळात पाणी पीत राहतं. भिजवल्या भिजवल्या जे पीठ बरोबर वाटतं, ते पंधरा मिनिटांनी घट्ट झालेलं असतं. म्हणून शेवटचं पाणी थांबल्यानंतरच, चमच्या-चमच्याने. सगळं धरून द्रव २०० मिलीच्या आसपास होतो. जुन्या, कोरड्या बेसनाला थोडा जास्त लागतो.

नेमकं किती घट्ट, हे पाहायची खूण सोपी आहे. पानाच्या उलट्या बाजूवर चमचाभर पीठ पसरा आणि पान उभं धरा. पीठ जागेवरून ओघळायला लागलं तर सैल आहे, दोन चमचे बेसन घाला. बोटाने पसरताना पान ओढलं जात असेल तर घट्ट आहे, एक चमचा पाणी घाला. पीठ किंचित घट्ट राहिलं तर चालतं, सैल मुळीच चालत नाही.

चव याच वेळी पाहा, पानांना लावण्यापूर्वी. कच्च्या बेसनाचा वास बाजूला ठेवून फक्त आंबट, गोड, खारट आणि तिखट बघायचं. चारही चवी नेहमीच्या अंदाजापेक्षा थोड्या चढ्या हव्यात, कारण पान स्वतः अगदी मचूळ असतं आणि ते चव खाली ओढतं. मात्र गूळ चढवण्याचा मोह आवरा. ६० ग्रॅमच्या पुढे गूळ गेला की वडी आतून तापायच्या आत वरून काळी पडते. चिंच आणि गुळाच्या जागी लिंबू-साखर घालणाऱ्यांशी वाद घालत नाही, पण अळूला चिंचच शोभते.

थर आणि वळणं

पीठ नेहमी पानाच्या उलट्या, शिरांच्या बाजूवर लावायचं. सुलट्या बाजूवर काहीच टिकत नाही, अळवावरचं पाणी सगळ्यांनी पाहिलेलंच आहे.

पाच पानांचा एक उंडा. सर्वांत मोठं पान पालथं, टोक तुमच्याकडे करून ओट्यावर ठेवा. त्यावर बोटांनी पिठाचा पातळ थर द्या, इतका पातळ की खालच्या शिरांची नक्षी पुसट दिसावी. पीठ जास्त लावलं की वडी जास्त भरीव होते हा समज चुकीचा आहे. जाड थर मधे कच्चा राहतो, आणि शिजला तरी खाताना नुसतं बेसन लागतं. दुसरं पान उलट दिशेने, त्याचं टोक पहिल्याच्या देठाकडे येईल असं ठेवा. पुन्हा थर. तिसरं पहिल्यासारखं, चौथं दुसऱ्यासारखं. पानं उतरत्या आकाराने लावत गेलं की सर्वांत लहान पान वर, म्हणजे वळल्यावर उंड्याच्या पोटात जातं आणि बाहेरून मोठ्या पानाचं आवरण मिळतं.

आता दोन्ही बाजूंच्या कडा साधारण तीन-तीन सेंटिमीटर आत दुमडा आणि दुमडलेल्या भागावरही पीठ लावा. हे लावायचं राहिलं तर टोकाच्या दोन-तीन वड्या हमखास सुटतात. मग तुमच्या बाजूने वळायला सुरुवात करा. पहिला वेढा अगदी घट्ट, मधे बोटसुद्धा शिरू नये असा. प्रत्येक वेढ्याला वर आलेल्या कोरड्या पानावर पिठाचं बोट फिरवत जा. शेवटच्या कडेला पीठ जरा जास्त लावून उंडा त्या कडेवर, म्हणजे जोड खाली येईल असा ठेवा. उंड्याची जाडी पाच-सहा सेंटिमीटर असावी. मोठी पानं असल्याने सात-आठवर गेली तर पाचाऐवजी चार पानांचा उंडा करा. दोऱ्याने बांधायची गरज नाही; बांधावंसं वाटलं तर पीठ सैल झालंय असं समजा.

वाफ

मोदकपात्र, इडलीपात्र किंवा बिनशिट्टीचा कुकर, काहीही चालतं. जाळीला तेल लावा. पाणी आधी खळखळून उकळू द्या आणि मगच उंडे आत ठेवा. गार पाण्यावर ठेवून गॅस लावला तर पाणी तापेपर्यंत पीठ सैलावतं आणि उंडा चपटा बसतो. दोन उंड्यांत बोटभर अंतर ठेवा, नाहीतर चिकटलेली बाजू कच्ची राहते. झाकणाला आतून पातळ फडकं बांधा. झाकणावरचं पाणी उंड्यावर ठिबकलं की वरचं पीठ धुपतं.

मध्यम ते मोठ्या आचेवर २५ मिनिटं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कोकणातून आलेल्या मापात वीस मिनिटं सांगितली असतील तर इथे पाच मिनिटं वाढवायला हरकत नाही. तसंही अळूवडी जास्त वाफवल्याने बिघडत नाही, कमी वाफवल्याने बिघडते आणि घशालाही लागते. बारा मिनिटांनी खालचं पाणी तपासा, लागलं तर उकळतंच पाणी घाला.

झालं की पानाचा ताजा हिरवा रंग जाऊन ते काळपट मेंदीच्या रंगाचं होतं. उंडा दाबून पाहिला तर टणक लागतो. पातळ सुरी मधोमध टोचा. ती कोरडी निघाली तर गॅस बंद, ओलं पीठ चिकटलं तर आणखी सात-आठ मिनिटं. उंडे लगेच बाहेर ओढू नका. झाकण काढून पाच मिनिटं तसेच ठेवा, मग उलथन्याने अलगद उचलून ताटात काढा.

आणि आता थांबा. उंडा पंख्याखाली कमीतकमी दीड तास, जमलं तर त्यानंतर तासभर फ्रिजमध्ये. गरम असताना बेसन मऊ आणि चिकट असतं, सुरीबरोबर ओढलं जातं आणि थर सुटतात. गार झाल्यावर तेच पीठ आवळून पानाला धरून राहतं. रात्री साडेआठला जेवायचं असेल तर उंडे सकाळी किंवा फार तर दुपारी तीनपर्यंत वाफवून व्हायला हवेत. ऑफिसहून येऊन सात वाजता सुरुवात करून अळूवडी होत नाही. त्या दिवशी तयार वाफवलेले उंडे आणावेत, पुण्यात ते बऱ्याच दुकानांत मिळतात. आणल्यावर कडेचा तुकडा चाखून मीठ आणि खाज तपासून घ्या.

तळणं

धारदार सुरीने सेंटिमीटरभर जाडीच्या वड्या कापा, सुरी खाली न दाबता मागे-पुढे चालवत. एका उंड्याच्या सोळा-सतरा वड्या होतात. रोजच्या जेवणाला तव्यावर किंवा पसरट पॅनमध्ये थोड्या तेलात भाजलेल्या वड्या जास्त बऱ्या: मध्यम आच, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं, मधे सारखं उलटायचं नाही. सणाला तळायच्या असतील तर तेल चांगलं तापवून मध्यम आचेवर, एका वेळी सहा-सात. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वडी तेल पिते; फार तापलं तर गुळामुळे दोन मिनिटांत काळी. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर तेलाचा हात लावून बारा-चौदा मिनिटं लागतात, सातव्या मिनिटाला उलटायच्या. कुरकुरीत होतात, चव जरा कोरडी राहते. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

तळण नकोच असेल तर वाफवलेल्या वड्यांवर मोहरी, हिंग, तीळ, कढीपत्त्याची तेलकट फोडणी घालून पॅनमध्येच हलक्या हाताने परता. लहान मुलं आणि दाताचा त्रास असलेली आजी-आजोबा मंडळी हेच आवडीने खातात.

ताटात सोबत काय, याचाही विचार करावा. वडी आंबटगोड आहे, म्हणून त्या दिवशी चिंचगुळाची आमटी नको. साधं गोडं वरण, मऊ भात, तूप, लिंबाची फोड आणि काकडीची कोशिंबीर पुरेशी आहे.

दुसऱ्या उंड्याचा रस्सा

दुसऱ्या उंड्याच्या आठ-नऊ वड्या, जरा जाड, दीड सेंटिमीटरच्या कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर भाजून घ्या. न भाजता टाकल्या तर कडा विरघळून रस्सा पिठूळ होतो. एक मध्यम कांदा आणि तीन मोठे चमचे किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं खमंग भाजा, चार लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं आणि चमचाभर तीळ घालून बारीक वाटा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता; मग वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता. दीड चमचा तिखट, एक चमचा गोडा मसाला, मीठ आणि ७०० मिली गरम पाणी. दहा मिनिटं उकळवा. चिंच-गूळ वेगळा घालू नका, वड्यांतला रश्शात उतरतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर दोन्ही गाळून खोबरं दुप्पट करा आणि दोन चमचे दाण्याचं कूट घाला.

रस्सा मुद्दाम पातळ ठेवायचा. वड्या जेवायला बसण्याच्या पाच मिनिटं आधी सोडा आणि एकच उकळी आणा. बेसन रस्सा पिऊन फुगतं, त्यामुळे तासभर आधी सोडल्या तर भांड्यात रस्सा उरत नाही, नुसता गोळा उरतो. ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा बरोबर हवाच.

अळू नको असेल तेव्हा

कोबीच्या पानात खरंखुरं सारण भरता येतं. कोबीचा देठाकडचा खुंट खोल कोरून काढा, गड्डा उकळत्या मिठाच्या पाण्यात बुडवा. बाहेरची पानं दोन-तीन मिनिटांत सैल होऊन आपोआप सुटतात. ओढून काढली तर फाटतात. दहा पानं निथळून मधली जाड शीर तासा. सारणासाठी १५० ग्रॅम मूगडाळ तीन तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता जाडसर वाटा. त्यात दोन हिरव्या मिरच्या, आलं, जिरं, तीन मोठे चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ आणि चमचाभर तेल. एका पानात दीड मोठा चमचा सारण, कडा दुमडून गुंडाळी, पंधरा मिनिटं वाफ. डाळ फुगते, म्हणून फार ठासून भरू नका. वरच्याच रश्शात सोडता येतात, किंवा नुसती फोडणी घालून भाताबरोबर.

पालकाची वडी करायची तर मोठी पानं घ्या, प्रत्येक थराला दोन-तीन पानं एकमेकांवर चढवून, पीठ अळूपेक्षा घट्ट आणि चिंच निम्मी. पंधरा मिनिटांत वाफवून होते. पालकाला पाणी सुटतं, त्यामुळे ही वडी त्याच दिवशी संपवावी.

अळूचे उंडे मात्र न कापता, कापडात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. कापून ठेवलेल्या वड्यांच्या कडा दुसऱ्या दिवशीच सुकून तडकतात. डीप फ्रीजरमध्ये महिनाभर चालतात. तळायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा, अर्धवट गोठलेला असतानाच कापा, आणि बर्फ पूर्ण वितळल्यावर वरचं पाणी टिपून मगच तेलात सोडा.